अक्षरांचें कोष्टक

आचार्यांना दक्षिणा द्यावी आणि आचाऱ्यांना शिधा द्यावा, हा व्यवहार आपणांस ठाऊक आहे. या दोन शब्दांतील भेद एका वांकड्या रेघेचा. पण ती हुकली, तर शिधा आचार्यांच्या दारीं जाईल! कागदावर ही रेघ लेखणीनें काढतां येते. संगणकाला मात्र रेघ कळत नाहीं. त्याला कळतो तो आंकडा. म्हणून प्रत्येक अक्षरास आंकडा नेमून देणारें कोष्टक करावें लागलें.

१९६३ सालीं अमेरिकेंत ‘आस्की’ हें कोष्टक प्रमाण ठरलें. त्यांत घरें अवघीं १२८. इंग्रजीचा संसार त्यांत सुखानें मावला; क, ख, ग यांना मात्र ओसरीवरही जागा नव्हती. पुढें टंक घडविणाऱ्यांनीं इंग्रजी अक्षरांच्याच घरांत आपापल्या मर्जीनें मराठी आकार बसविले. परिणाम असा कीं, एका टंकांत लिहिलेलें पत्र दुसऱ्या टंकांत उघडलें, तर निरर्थक चिन्हांचा बाजार दिसे.

ही अनवस्था दूर व्हावी म्हणून भारतांत ‘इस्की’ हें प्रमाण-कोष्टक झालें. त्याच्या १९८८ सालच्या आवृत्तीवरून ‘युनिकोड’नें देवनागरीचा क्रम घेतला, आणि १९९१ सालीं देवनागरीसाठीं २३०४ पासून २४३१ पर्यंतचीं घरें राखून ठेवलीं. ‘क’ला २३२५ वें घर मिळालें, ‘र’ला २३५२ वें, आणि आपल्या आचाऱ्यांच्या ‘ऱ’ला शेजारचेंच २३५३ वें. मराठीला लागणारा ‘ॲ’ मात्र २००८ सालापर्यंत ताटकळला. तेव्हां त्यास २४१८ वें घर लाभलें.

हें कोष्टक पडद्यावर पाहणें सोपें आहे. सर्व्हरवर पांचसात ओळींचा प्रोग्राम ठेवावा. त्यानें २३०४ पासून एकेक आंकडा वाढवीत त्या त्या आंकड्याचें अक्षर रकान्यांत मांडावें, व सोळा घरें भरलीं कीं नवी ओळ धरावी. आठ ओळींत सारें कोष्टक उभें राहतें. परंतु तें कोणत्या पद्धतीनें लिहिलें आहे, हें सर्व्हरनें आधीं सांगितलें पाहिजे. १९९२ सालीं केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं सिद्ध केलेल्या ‘यूटीएफ-८’ पद्धतींत एकटा ‘क’ तीन बाइट व्यापतो. ही सूचना चुकली, तर वाचणारें यंत्र त्या तिहींस तीन निराळीं चिन्हें समजतें, आणि वर्णमालेचा विचका होतो.

जें अक्षर कोष्टकांत नाहीं, तें यंत्राच्या लेखीं भाषेंतच नाहीं. तेव्हां आपल्या अक्षरांचीं घरें शाबूत आहेत ना, हें पाहणें व्याकरण राखण्याइतकेंच आपलें काम आहे.