मधल्या पायरीवरची यंत्रे

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या नातवाकडे टीव्हीला जोडून खेळ खेळायचे यंत्र आहे, प्लेस्टेशन ५. ते उत्तम चालू आहे. तरीही त्याच यंत्राची 'प्रो' नावाची महागडी आवृत्ती परदेशातल्या मित्राकरवी मागवावी असे त्याच्या मनात आहे. "आजोबा, तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात, तुम्हीच सांगा, घेऊ का?" असे त्याने फोनवर हसत हसत विचारले. मी मात्र प्रश्न मनावर घेतला. इतिहास सगळ्याच गोष्टींना असतो, खेळण्यांनाही.

आधी किमतीचे बोलू. ही प्रो ७ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेत निघाली तेव्हा तिची किंमत होती ७०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण ५९ हजार रुपये. आमच्या मोताळ्याकडे पैसा कापसात मोजायची सवय आहे. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे जवळजवळ आठ क्विंटल कापूस. कोरडवाहू पऱ्हाटीत आठ क्विंटलसाठी किती एकर राबावे लागते हे ज्याने वेचणी केली आहे त्याला विचारा. नातू संगणकावर काम करून कमावतो, त्याचा घाम वेगळा. पण आकडा आकडाच आहे.

आता ही 'मधली आवृत्ती' म्हणजे काय? या यंत्रांच्या पिढ्या असतात. पाच-सात वर्षांनी नवी पिढी येते, तिचे खेळ जुन्या यंत्रावर चालत नाहीत. पण दोन पिढ्यांच्या मध्येच कधी कधी एक यंत्र काढतात. पिढी तीच, ताकद जास्त. गाडी तीच, इंजिन मोठे, म्हणा ना. ही कल्पना नवी नाही. जपानच्या एनईसी कंपनीने १९८९ साली 'सुपरग्राफिक्स' नावाचे असे यंत्र काढले. खास त्याच्यासाठी निघालेले खेळ एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. यंत्र आले नि गेले.

त्याहून मोठी फजिती झाली सेगा कंपनीची. त्यांच्या जुन्या यंत्राच्या डोक्यावर बसवायचे एक जोडयंत्र त्यांनी नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत आणले. नाव '३२ एक्स', किंमत १६० डॉलरच्या घरात. त्याला विजेचा स्वतंत्र अ‍ॅडाप्टर लागे. आधीचे सीडी चालवायचे जोडयंत्रही कोणाकडे असेल तर एका खेळण्याला तीन अ‍ॅडाप्टर! (आमच्याकडच्या भारनियमनाच्या काळात हे वाचले असते तर आम्ही पोट धरून हसलो असतो.) पण खरा घोटाळा पुढेच आहे. त्याच महिन्यात, २२ नोव्हेंबरला, त्याच कंपनीने जपानमध्ये पुढच्या पिढीचे 'सॅटर्न' विकायला काढले. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने मधली पायरी विकत घेतली आणि वरचा मजला तयार असल्याचे त्याच्या कानावर आले. खेळ बनवणारेही तिकडेच पळाले. ३२ एक्ससाठी जगभरात मिळून चाळीसेक खेळ निघाले आणि १९९६ पर्यंत प्रकरण आटोपले. ज्यांनी पैसे घातले त्यांचे पैसे गेले.

याउलट निन्टेन्डोने १९९८ साली आपल्या 'निन्टेन्डो ६४' साठी स्मरणशक्ती वाढवणारा एक छोटासा तुकडा काढला. ४ मेगाबाइटचे ८ झाले. पुढच्या वर्षी 'डाँकी काँग ६४' हा खेळ आला, त्याला हा तुकडा लागेच. म्हणून कंपनीने तो खेळाबरोबरच देऊन टाकला. २००० साली झेल्डाच्या मालिकेतला 'माजोराज मास्क' आला, त्यालाही तो लागे. यंत्र जुनेच ठेवून थोडक्या खर्चात नवे काहीतरी मिळाले. मला हा व्यवहार सर्वांत चोख वाटतो.

आमच्या भागात या गोष्टी कधी पोचल्या? थोडे विषयांतर होईल, पण सांगतो. १९९० नंतरच्या दशकात मलकापूर, बुलढाण्याच्या दुकानांत 'टीव्ही गेम' मिळू लागला. तो म्हणजे निन्टेन्डोने जुलै १९८३ मध्ये जपानात काढलेल्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल. कॅसेटीवर छापलेले असे '९९९९ इन १', आत खेळ असत दहा-पंधरा, तेच तेच नाव बदलून. दहा वर्षांपूर्वीचे यंत्र आपण खेळतो आहोत याचा आमच्या गल्लीतल्या एकाही पोराला पत्ता नव्हता आणि त्यावाचून मारिओच्या उड्या काही कमी झाल्या नाहीत. परीक्षेच्या दिवसांत पालक शाळेत तक्रार घेऊन येत. कॅसेट मात्र एका घरातून दुसऱ्या घरात अखंड फिरत असे. असो.

सोनीने २०१६ साली प्लेस्टेशन ४ ची प्रो काढली, तेव्हा वरचे सगळे धडे गिरवलेले दिसतात. नियम असा केला की प्रत्येक खेळ साध्या यंत्रावरही चाललाच पाहिजे. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाची फसवणूक नाही. आणि दर? २०१३ साली साधे यंत्र ३९९ डॉलरला निघाले होते. २०१६ मध्ये साधे २९९ वर आले आणि प्रो त्याच जुन्या ३९९ ला मिळाली. आपल्याकडेही तसेच घडले. साधे यंत्र जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० रुपयांना आले होते, प्रो २०१७ मध्ये ३८,९९० ला. जो नव्याने घ्यायला निघाला होता त्याने प्रो घेणे शहाणपणाचेच होते. तरी २०१७ साली कंपनीने सांगितले ते असे की, विकल्या जाणाऱ्या पाच यंत्रांत प्रो एकच. बाकीच्या चौघांना साधे पुरले.

२०२४ च्या प्रोने हा हिशेब मोडला. मूळ प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये ५०० डॉलरला निघाले, चार वर्षांनी त्याची प्रो ७०० ला. यंत्र जुने होत गेले की स्वस्त होते, हा या धंद्याचा आजवरचा रिवाज. इथे उलटे झाले. चकती घालायचा ड्राइव्हही त्यात नाही, तो हवा तर आणखी ८० डॉलर.

मिळते काय? कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे चित्र काढण्याचा वेग ४५ टक्क्यांपर्यंत वाढतो. यंत्राचे रचनाकार मार्क सर्नी यांनी एक उपयोगाची माहिती दिली. साध्या यंत्रावर बहुतेक खेळांत दोन पर्याय असतात, चित्र बारीक हवे की हालचाल सफाईदार हवी. चारांपैकी तीन वेळा लोक हालचाल निवडतात. प्रोमध्ये दोन्ही एकदम मिळावे असा प्रयत्न आहे. हा लाभ खोटा नाही. पण मोठा, चांगल्या प्रतीचा टीव्ही असेल आणि जवळ बसून पाहिले तरच तो डोळ्यांत भरतो. १९८२ च्या एशियाडला रंगीत टीव्ही आला तेव्हा फरक आंधळ्यालाही ऐकून कळला असता, इतकी त्याची चर्चा होती. इथे दोन चित्रे शेजारी लावून, थांबवून, बोट ठेवून फरक दाखवावा लागतो.

आणि एक पेच त्या चांगल्या नियमातच आहे. प्रत्येक खेळ साध्या यंत्रावर चाललाच पाहिजे म्हटले, की प्रोवर नवा असा एकही खेळ येणार नाही. जे शेजाऱ्याकडे चालते तेच, जरा लखलखीत. नियम मोडला तर ३२ एक्स होते, पाळला तर ७०० डॉलर कशाचे हा प्रश्न उरतो.

शेतकऱ्याला मात्र हा नियम कोणी दिला नाही. बीटी कपाशी मार्च २००२ मध्ये मंजूर झाली. ४५० ग्रॅमचे पाकीट १,६०० रुपयांच्या आसपास, साधे संकरित बियाणे ४५० च्या आसपास. २००६ साली दोन जनुकांची सुधारित आवृत्ती, बीजी-२ आली. ती आल्यावर काही वर्षांत पहिली दुकानातून दिसेनाशी झाली, साधे वाणही गेले. घेऊ की नको हा प्रश्नच उरला नाही. गुलाबी बोंडअळी पहिलीला पचवू लागल्याचे २०१० मध्ये गुजरातेत मान्य झाले, आणि २०१७ च्या हंगामात बीजी-२ ची बोंडेही आपल्याकडे अळीने पोखरली. त्यापुढे नातवाचे भाग्य थोर. त्याचे जुने यंत्र कोणी काढून घेत नाही आणि त्यावर नवे खेळही येत राहतात.

म्हणून त्याला मी सांगितले ते असे. ज्याच्याकडे काहीच नाही आणि भिंतभर टीव्ही आहे, त्याने विचार करावा. तुझ्याकडे साधे आहे, तू नको घेऊस. शिवाय २०२४ मध्ये हे यंत्र भारतात विक्रीलाच आले नव्हते, कारण त्यातल्या वायफायला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ लहरींना आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती. मित्राने बॅगेत घालून आणलेले बिघडले तर दुरुस्तीला न्यायचे कुठे?

त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला की त्याच्याकडे चकतीवरचे बावीस खेळ आहेत, त्यातले निम्मे मित्रांकडून अदलाबदलीत आलेले, आणि प्रोत चकती जातच नाही हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. सध्या ड्राइव्हची किंमत मिळवून तो पुन्हा बेरीज करतो आहे.