डाकोटाचा वारस : आखूड धावपट्टी, दूरचे अंतर आणि टर्बोप्रॉप विमानांची निवड

१ ऑगस्ट १९५३ रोजी आठ खाजगी विमान कंपन्यांचा कारभार एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनचे काम सुरू झाले, तेव्हा त्याच्या ताफ्याचा कणा डाकोटा विमानांचा होता. महायुद्धानंतर लष्करी शिल्लक माल म्हणून स्वस्तात मिळालेली ही विमाने मुरमाच्या वा गवताच्या धावपट्टीवरही उतरत. १९४९ मध्ये नागपूर हे मध्यबिंदू धरून रात्रीची टपालसेवा सुरू झाली, तीही डाकोटांच्याच बळावर. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि ती पहाटेपर्यंत परत जात. विदर्भाच्या आकाशाशी विमानवाहतुकीचा संबंध असा जुना आहे. पण तो नागपुरापुरता. शेजारच्या यवतमाळसारख्या जिल्ह्यास त्याचा लाभ का झाला नाही, याचे उत्तर बहुधा राजकीय उपेक्षेत शोधले जाते. ते उत्तर सर्वस्वी चूक नसले तरी अपुरे आहे. त्याचा मोठा भाग डाकोटाच्या जागी कोणते विमान घ्यावे या प्रश्नात दडलेला आहे.

या प्रश्नात दोन अपेक्षा परस्परविरोधी होत्या. विमान दूरवर न्यावयाचे तर इंधन अधिक हवे. इंधनाने वजन वाढते आणि वजनाबरोबर लागणारी धावपट्टीही वाढते. यवतमाळ ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ५७० किलोमीटर आहे. लहान ठिकाणी इंधन भरण्याची सोय नसेल तर परतीचे इंधनही मुंबईहूनच आणावे लागते. शिवाय हवामान बिघडल्यास दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचा साठा वेगळा. प्रवासी व त्याचे सामान मिळून शंभर किलो धरले, तर उड्डाणाचे वजन एक टनाने उतरविणे म्हणजे दहा आसने रिकामी नेणे होय.

उन्हाळ्याचा हिशेब तर अधिकच कठोर आहे. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तेथील हवेची घनता, समुद्रसपाटीवर १५ अंश तापमानास जी प्रमाण मानतात, तिच्यापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी भरते. विरळ हवेत पंखांस उचल मिळण्यासाठी अधिक वेग लागतो आणि त्याच वेळी इंजिनाची शक्तीही घटते. दोहोंचा परिणाम एकत्र धरल्यास जमिनीवरील धाव जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढते. युरोपातील थंड हवेत काढलेले आकडे वऱ्हाडात जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते याचमुळे.

टर्बोप्रॉप इंजिनाने या अडचणीतून बरीच वाट काढली. त्याचा मोठा पंखा पुष्कळ हवा मागे लोटतो; त्यामुळे कमी वेगावरही जोर चांगला मिळतो, आणि शुद्ध जेट इंजिनाच्या मानाने आखूड धावपट्टी पुरते. रोल्स-रॉइसच्या डार्ट इंजिनात पाणी व मेथानॉल यांचे मिश्रण सोडून उष्णतेने घटलेली शक्ती उड्डाणापुरती भरून काढण्याची सोय होती. हे इंजिन बसविलेले व्हायकाउंट विमान १९४८ मध्ये प्रथम उडाले आणि ऑक्टोबर १९५७ मध्ये कॉर्पोरेशनच्या सेवेत आले. त्याची चार इंजिने हा मोठाच गुण होता. चारपैकी एक बंद पडले तर पाव शक्ती जाते. दोहोंपैकी एक बंद पडले तर निम्मी. परंतु ते मुख्य शहरांमधील दूरच्या मार्गांचे विमान होते. जिल्ह्याच्या गावी उतरविण्यासाठी ते घेतलेलेच नव्हते.

डाकोटाचा वारस म्हणून खरी स्पर्धा झाली ती दोन इंजिनांच्या विमानांत. हॉलंडचे फोकर फ्रेंडशिप १९६१ मध्ये भारतात आले. त्याचे पंख वरच्या बाजूस असल्याने खडी उडून इंजिनाच्या पंख्यास लागण्याचे भय कमी. दुसरीकडे हवाई दलाने आपल्या डाकोटांच्या जागी ब्रिटिश ॲव्रो ७४८ निवडले. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना १९५९ मध्ये करार झाला आणि एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांच्या देखरेखीखाली कानपूर येथे जुळणी झालेले पहिले विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले. दिवंगत एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ त्यास ‘सुब्रतो’ हे नाव देण्यात आले. कॉर्पोरेशनच्या प्रवासी सेवेत मात्र ही विमाने १९६७ पासून आली. येथे निवडीचा निकष बदलला, हे लक्षात घेतले पाहिजे: धावपट्टी व अंतर यांच्या जोडीस स्वदेशी उत्पादनाचा हेतू येऊन बसला. हेतू थोर असला तरी हवेची घनता त्याने बदलत नाही.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ॲव्रोच्या उड्डाणयोग्यतेविषयी वाद उपस्थित झाला. एक इंजिन बंद असता हे विमान पुरेशा वेगाने वर चढते काय, असा तो प्रश्न होता. परीक्षणाचे काम प्रा. सतीश धवन यांच्याकडे सोपविण्यात आले आणि मोजमापांच्या विश्लेषणात रोद्दम नरसिंह यांचा सहभाग होता. या प्रकरणाचे महत्त्व एका विमानापुरते नाही. डाकोटाची रचना १९३५ सालची. युद्धोत्तर काळातील कडक नियम तिच्यावर पूर्णपणे लादलेच गेले नव्हते. नव्या विमानास मात्र धावेच्या ऐन मध्यावर एक इंजिन बंद पडले तरी एक तर उरलेल्या धावपट्टीत थांबता आले पाहिजे, नाही तर एकाच इंजिनावर सुखरूप चढता आले पाहिजे. तेवढी धावपट्टी नसेल तर प्रवासी उतरवावे लागतात. आखूड धावपट्टीवरील डाकोटाच्या कौतुकात जुन्या नियमांच्या सवलतीचा वाटा किती, हे तिच्या आठवणी काढणारे सहसा सांगत नाहीत. तिच्यासारखे विमान पुन्हा मिळाले नाही, याचे एक कारण तसा धोका पुन्हा कोणी पत्करला नाही, हेही आहे.

पुढे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या वायुदूतने लहान गावांसाठी दुसरी वाट धरली. कानपुरास बनणारे डॉर्नियर २२८ हे एकोणीस आसनांचे टर्बोप्रॉप विमान आखूड धावपट्टीस योग्य होते; परंतु वैमानिक, इंधन व देखभाल यांचा खर्च एकोणीस तिकिटांवर विभागावा लागे. १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आले. डॉर्नियरने धावपट्टीचा प्रश्न सोडविला होता. अडले ते हिशेबाच्या वहीत.

कापसाच्या व्यापाराने मुंबईशी जोडलेल्या यवतमाळास मूर्तिजापूरकडे जाणारी ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडीच दीर्घकाळ परिचयाची राहिली. शहरालगत धावपट्टी झाली, २००९ मध्ये ती राज्यातील इतर चार विमानतळांसह दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली गेली. शेजारच्या अमरावतीस मात्र क्रम उलटा लागला. तेथे विमान धावपट्टीच्या मापाने निवडण्याऐवजी धावपट्टीच विमानाच्या मापाची करण्यात आली. बेलोरा येथील १,३७२ मीटरची पट्टी १,८५० मीटरपर्यंत वाढवून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली, ती एटीआर ७२ या सुमारे सत्तर आसनांच्या टर्बोप्रॉप विमानाने.