काचेवरचं हिरवं

आमच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आली तेव्हा मुलगी चौथीत होती. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन जोकर मासे, थोडे दगड, तळाला वाळू. पहिला महिना कौतुकात गेला. दुसऱ्या महिन्यात काच हिरवी झाली आणि तिसऱ्या महिन्यात दगडांवर केसांसारखं शेवाळ लोंबू लागलं. एका रविवारी मी बाह्या सरसावल्या. सगळं पाणी उपसलं, दगड आणि वाळू नळाखाली धरून खसाखसा धुतली, नवं पाणी केलं. टाकी नुकतीच दुकानातून आणल्यासारखी दिसायला लागली. बुधवारी सकाळी दोन्ही मासे तळाशी आडवे पडले होते. मुलगी काही न बोलता शाळेत गेली, ते मला जास्त लागलं.

माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू त्याच दगडांवर आणि वाळूत राहत होते. नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यानं ते मीच मारले होते. टाकी माळ्यावर गेली आणि मी वाचत बसलो. वाचता वाचता थेट लंडनला पोचलो, तेही पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या.

तिथे रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. १८४९ साली त्यांनी काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं रोप ठेवलं. हो, शाळेच्या जीवशास्त्रात भेटतं तेच. रोपानं प्राणवायू द्यायचा आणि माशांनी कर्बवायू, म्हणजे पाणी बदलायला नको, असा हिशेब. कागदावर तो बरोबर होता. पण पानं कुजू लागली, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला आणि पाणी गढूळ झालं. वॉरिंग्टन यांनी भांडं घासलं नाही. त्यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून आत सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, थर खाल्ला, आणि त्यांची अंडी माशांनी खाल्ली. १८५० साली त्यांनी हे लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं. मासा आणि रोप यांच्या हिशेबात जो तिसरा गडी राहून गेला होता, तो त्यांना सापडला होता. या एका निरीक्षणासाठी मी त्यांना कुठल्याही मोठ्या शोधकर्त्याच्या पंगतीला बसवीन.

१८५२ पासून त्यांनी हाच प्रयोग समुद्राच्या पाण्यावर सुरू केला. त्याच सुमारास फिलिप हेन्री गॉस हे निसर्गअभ्यासकही त्याच खटपटीत होते. भोवऱ्याच्या आकाराच्या शंखातला प्राणी काचेवर चरताना गॉस भिंग लावून पाहत बसत. त्याच्या जिभेवर बारीक दातांच्या रांगा असतात. शेतकरी विळ्यानं गवत कापत जावा तसे त्याच्या मागे काचेवर स्वच्छ पट्टे उमटत जातात, असं त्यांनी लिहून ठेवलंय. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं आणि १८५४ मध्ये गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला होता, रेल्वे समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचली होती. मग काय विचारता! दिवाणखान्यात समुद्र ठेवायची साथच आली.

लोक हौसेनं टाकी खिडकीत ठेवायचे आणि चारी बाजूंनी ऊन घेऊन पाण्याचा पालकाचा रस व्हायचा. वॉरिंग्टन यांनी मागची बाजू उतरती असलेली टाकी काढली. बाजू झाकलेल्या, उजेड फक्त वरून, समुद्रात पडतो तसा. यापुढची पायरी विल्यम आल्फर्ड लॉइड यांची. त्यांच्या देखरेखीखाली १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मत्स्यालय उभं राहिलं. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी जास्त पाणी त्यांनी खाली, अंधाऱ्या हौदात ठेवलं आणि पंपानं ते सतत खेळतं राखलं. शेवाळाचे बीजाणू अंधारात वाढत नाहीत आणि पाणी निवळतं. शेवाळ ही आधी उजेडाची गोष्ट आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

दुसरी गोष्ट खाण्याची. नायट्रेट आणि फॉस्फेट हे शेवाळाचं खत. मी दिवसातून तीनदा माशांना चिमूट चिमूट घालत होतो. आटलेल्या पाण्याच्या जागी नळाचं ओतत होतो. पाणी उडून जातं, त्यातलं बाकी सगळं मागे साठतं. थोडक्यात, मी शेवाळाची शेती करत होतो आणि पीक आलं म्हणून चिडत होतो. हीच शेती मुद्दाम करावी, असं अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांना सुचलं. वेगळ्या ट्रेमध्ये भरपूर उजेडात शेवाळ वाढू द्यायचं, टाकीतलं खत त्याला खाऊ द्यायचं आणि वेळोवेळी ते खरवडून फेकायचं. १९८२ मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं.

या छंदाचा हिशेब मात्र बाहेरही द्यावा लागला. गॉस यांची पुस्तकं वाचून लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर उतरल्या आणि त्यांनी खडकांतली डबकी ओरबाडून नेली. गॉस यांचा मुलगा एडमंड यानं १९०७ मध्ये आपल्या आठवणींत ही हळहळ लिहिली. बापाच्या प्रेमानं केवढं उजाड केलं, हे लिहिताना त्याला काय वाटलं असेल!

दुसरा प्रसंग अलीकडचा. कौलर्पा टॅक्सिफोलिया हे हिरवंगार, पिसासारखं शेवाळ मत्स्यालयांत शोभेसाठी लावत. १९८४ मध्ये ते मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसलं, जेमतेम चौरस मीटरभर. १९८९ पर्यंत ते हेक्टरभर पसरलं आणि पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यानं फोफावत गेलं. २००० मध्ये कॅलिफोर्नियातही सापडलं. तिथे वर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडलं, तेव्हा २००६ मध्ये ते संपल्याचं जाहीर झालं.

आमची टाकी वर्षभरानं माळ्यावरून खाली आली. आता ती खिडकीपासून लांब आहे, पाणी गाळून घेतलेलं असतं, खाणं एकदाच, आणि काचेवर चार शंख चरत असतात. पाणी बदलायचं ते थोडं थोडं. मागच्या ट्रेमधलं शेवाळ दर रविवारी मी खरवडतो, गच्चीत वर्तमानपत्रावर पसरतो, कडकडीत वाळलं की मगच कचऱ्यात टाकतो. “अहो, पापड घातलेत की काय?” असं शेजारच्या काकू विचारतात.