हाताचा भाव

माझे आजोबा पिंजारी होते. थंडीचे दिवस आले की खांद्यावर धुनकी टाकून ते गोंदियाच्या आसपासची गावं फिरत. आमचा मुलूख धानाचा. कापूस पिकतो तो तिकडं वर्धा-यवतमाळकडे. त्यामुळं आमच्या झाडीपट्टीत कापूस विकत घ्यावा लागे, आणि एकदा घेतला की तो वर्षानुवर्षं पुरवला जाई. गादी दबून तिच्यात गोळे झाले की घरची बाई आजोबांना हाक मारी. अंगणात बसून ते गादी उसवत, धुनकीच्या तातीवर लाकडी ठोकळ्यानं घाव घालत आणि दगडासारखा झालेला कापूस ढगासारखा फुलून येई. संध्याकाळपर्यंत त्याच कापसाची नवी गादी तयार. मजुरी कधी रोख मिळे, बरेचदा पायली-दोन पायली धान. किती द्यायचं ते घरमालक ठरवी. आजोबांनी तोंडानं भाव सांगितल्याचं मला आठवत नाही.

जुन्या वस्तूतून अधिक मोलाची नवी वस्तू घडवण्याला आज 'अपसायकलिंग' असं नाव आहे. आजोबांना हा शब्द ऐकवला असता तर ते हसले असते. त्यांचा आधार दुसराच होता. मन्सूर अल-हल्लाज हा सूफी इसवी सन 922 मध्ये बगदादला देहदंडाला सामोरा गेला. हल्लाज या अरबी शब्दाचा अर्थ कापूस पिंजणारा. आमच्या बिरादरीतले कित्येक जण मन्सुरी आडनाव लावतात ते त्याच्या आठवणीनं. एवढा मोठा वारसा सांगणारा माणूस आपल्या मजुरीचा आकडा मात्र सांगू शकत नव्हता.

हे सगळं आठवायला कारण घडलं. दिवाळीच्या आधी गोंदियात बचत गटांच्या एका सामाईक दुकानात गेलो होतो. बांबूची सुपं, टोपल्या, कानातले डूल, जुन्या साड्यांच्या पिशव्या, पायपुसणी आणि एका दांडीवर घडी घालून ठेवलेली वाकळ. तुम्ही तिला गोधडी म्हणत असाल. चिठ्ठीवर किंमत होती बाराशे रुपये. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "बाई, काही कमी होईल का?"

त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, पाच जुनी लुगडी लागली आन् माह्या अठरा दुपारा गेल्या. यातलं काय कमी करू, सांगा."

मी मनात हिशेब केला. लुगडी फुकट धरली तरी एका दुपारचे सदुसष्ट रुपयेसुद्धा पडत नव्हते. पिंजाऱ्याचा नातू असून मी तेवढ्यातलेही कापायला निघालो होतो!

घरी येऊन मी जुनी पुस्तकं काढली. आपल्या भागात हातानं घडवलेल्या वस्तूचा भाव आजवर कोणी ठरवला, एवढंच मला पाहायचं होतं.

फार मागं गेलं तर भाव रूढीनं ठरलेला दिसतो. खळं झालं की कारागिराला धान मिळे. आठवडी बाजार आणि दिवाळीनंतरची मंडई या त्याच्या विक्रीच्या जागा. बुरडाच्या सुपाशिवाय लग्न लागत नसे आणि त्याच्या ढोलीशिवाय धान साठवता येत नसे. पण त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. सूप देवघरापर्यंत जाई आणि ते विणणाऱ्याला ओसरीच्या पायरीशी थांबावं लागे. कमीजास्त मागण्याची त्याची छाती नव्हती.

पुढं 1877 साली नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. 1880च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग गोंदियावरून गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इथूनच सातपुड्याकडे छोटी गाडी निघाली. गोंदिया जंक्शन झालं. गिरणीचं कापड आत आलं; लाख, डिंक आणि तेंदूपानं बाहेर गेली. हातांना काम मिळालंच नाही, असं नव्हे. विडीचा धंदा वाढला आणि घरोघरच्या बायका सुपात पानं घेऊन विड्या वळू लागल्या. पण मजुरी हजारी दरानं. माल मोजून घेताना छाट निघे. छाटीतली विडी वळणारीच्या हिशेबात धरली जात नसे. विडी कामगारांसाठी कायदा झाला तो 1966 साली.

कोशाचीही गत तीच. ऐनाच्या झाडावर कोसा पाळणार ढिवर, तो विणणार शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावचा कोष्टी, आणि भाव बोलणार तिसराच. तिथल्या करवतकाठी वस्त्राला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कापडाला नाव मिळालं. विणणाऱ्याच्या मजुरीचा प्रश्न त्यानं आपोआप सुटत नाही.

हा प्रश्न सरळ विचारला गेला तो आपल्याच विदर्भात, वर्ध्याला. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे मंत्री. पुढच्याच वर्षी गांधीजींनी चरखा संघापुढं विषय काढला, की खादी स्वस्त विकण्यासाठी सूत कातणाऱ्या बाईला उपाशी ठेवायचं का? आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. तेवढं देणं जमलं नाही, पण 1935 साली संघानं निर्वाहापुरत्या मजुरीचं तत्त्व मान्य केलं आणि कताईचे दर वाढवले. खादी महागली. खप घटेल म्हणून कार्यकर्ते धास्तावले. त्याच वर्षी विनोबा नालवाडीत सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर स्वतः जगून पाहत होते. दुसऱ्याची मजुरी ठरवण्याआधी ती स्वतःच्या पोटावर तपासणारा असा माणूस विरळाच!

30 डिसेंबर 1938 रोजी वर्ध्यात मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झालं. चरखे, घाण्या, हातकागद, गावातली अवजारं तिथं मांडली. वस्तू कशी होते हे गिऱ्हाइकानं पाहिलं, की तिचा भाव त्याला जड वाटणार नाही, असा माझ्या मते या मांडणीचा अर्थ आहे. आज तिथं खादी आणि ग्रामोद्योगी वस्तूंचं विक्री केंद्रही आहे.

त्यानंतरची मोठी घडामोड बायकांच्या हातून झाली. 1975 साली महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे 'माविम', स्थापन झालं. पुढं गावोगाव बचत गट उभे राहिले. 2011 साली 'उमेद' हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हाही या वाटेवर आला. कर्ज घेणं आणि फेडणं बायका शिकल्या. काही जणी त्यापुढं गेल्या आणि स्वतःचं दुकान मांडून बसल्या. आपल्या वस्तूवर किमतीची चिठ्ठी आपणच चिकटवायची, ही माझ्या लेखी साधी गोष्ट नाही. माझ्या आजोबांना जन्मभर जे जमलं नाही, ते त्या वाकळवाल्या बाईंनी दोन वाक्यांत केलं होतं.

पण दुकान मिळालं म्हणजे सारं साधलं, असंही नाही. बुरडाला आधी बांबू हवा. बांबू हे खरं तर गवत, पण 1927 च्या वन कायद्यानं त्याला झाडांत बसवलं आणि तो तोडणं-नेणं परवान्याच्या फेऱ्यात अडकलं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनउपज मानलं. शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2011 साली बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला. जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडांच्या यादीतून निघायला मात्र 2017 साल उजाडलं. नव्वद वर्षं लागली! सूप विणणारा तितकी वर्षं थांबू शकत नाही. तेवढ्यात त्याचा मुलगा दुसऱ्या कामाला लागतो.

दुसरी अडचण आपण आहोत, म्हणजे गिऱ्हाईक. दिवाळीत या दुकानांत गर्दी होते, पावसाळ्यात बायका माश्या मारत बसतात. आपण तिथं दानधर्म केल्यासारखे जातो, फोटो काढतो आणि निघताना घासाघीस करतो. मोठ्या दुकानातल्या छापील किमतीपुढं मात्र आपली जीभ वळत नाही. भाव करूच नये, असं मी म्हणत नाही. सुपाची कड सुटली असेल, टाका सैल असेल तर जरूर बोलावं. त्यानं काम सुधारतं. पण हाताच्या दुपारा मोजायला आपण शिकलं पाहिजे.

ती वाकळ मी घेतली. बाराशे रुपये दिले. बाईंनी वहीत नोंद केली आणि पावती फाडली. पावतीवर वस्तूच्या नावाखाली शिवणारीचं नाव लिहायला जागा होती. त्यांनी तिथं स्वतःचं नाव सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहिलं. आजोबांनी पिंजलेल्या शेकडो गाद्यांवर या मुलखातली माणसं झोपली असतील. त्यांतल्या एकीवरही त्यांचं नाव नव्हतं. पावती मी जपून ठेवली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)