आधी ऐक, मग खोल

1984 साली मी वसमतच्या एका गॅरेजात कामाला लागलो. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता. आमचा तालुका परभणीत होता, तो 1 मे 1999 पर्यंत. पहिलं वर्षभर उस्तादांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. रॉकेलच्या घमेल्यात सुटे भाग धुवायचे आणि ऐकायचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायची. टॅपेट वाजतंय की बेअरिंग, हे आधी कानाला कळलं पाहिजे. ‘पहले सुन, फिर खोल,’ एवढंच ते म्हणायचे.

दारात यायच्या त्या लूना, राजदूत आणि चेतक. तिन्ही टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या. ऑइल जळून सायलेन्सरमध्ये कार्बन साचायचा, गाडी चढ ओढेना व्हायची. मग सायलेन्सर काढून जाळात टाकायचा, लालबुंद झाला की ठोकून कार्बन झाडायचा. प्लगची गॅप हॅकसॉच्या पात्याने मोजायची, पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे. शाळेला निघालेले गुरुजी चेतक एका अंगावर कलंडून उभी करत, किक मारत आणि निघून जात. डिक्कीत जास्तीचा प्लग आणि प्लगपाना असायचाच. प्लग बदलायला कुणी माझ्याकडे येत नसे.

त्या गाड्या फार बंद पडत, हे मी लपवणार नाही. धूर तर इतका, की संध्याकाळी माझे डोळे चुरचुरायचे. 1985 ला हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 ला स्प्लेंडर. ॲव्हरेज जवळजवळ दुप्पट, धूर नाही. पॉइंट जाऊन त्या जागी ठिणगीची वेळ सांभाळणारा सीडीआयचा बंद डबा आला. तो उघडता येत नव्हता, पण दुसऱ्या गाडीचा लावून बघता यायचा. शंका पाच मिनिटांत फिटायची. कार्बोरेटर अजून आमच्या हातात होता.

बहुतेक गाड्यांतून तो गेला 1 एप्रिल 2020 ला, बीएस-6 हे धुराचे नियम लागू झाले तेव्हा. आता पेट्रोल किती सोडायचं हे सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे गाडीतला संगणक, ठरवतात. हवेसाठी हे व्हायलाच हवं होतं, असं माझं स्वच्छ मत आहे. पण बहुतेक मोटरसायकलींत पेट्रोलचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. आमच्याकडे पन्नास-शंभराचं पेट्रोल टाकून गाडी रिझर्व्हवर फिरवायची सवय. पंप तापून जळतो आणि बिल हजारांत जातं. हे त्या माणसाला गाडी घेताना कुणी सांगितलेलं नसतं.

खरा घोर ट्रॅक्टरचा आहे. वसमतची हळद प्रसिद्ध. फेब्रुवारीपासून ती निघते, शिजते, वाळते आणि पॉलिशच्या ड्रमवर चढते. ड्रम फिरतो ट्रॅक्टरवर. जुन्या ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये हवा घुसली, तर शेतकरी स्वतः फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंपाने एअर काढायचा. नोझल मी टेस्टरवर लावून दाखवायचो. फवारा धुक्यासारखा पडला तर चांगला, थेंब गळला तर गेला. मालकाला त्याच्या डोळ्यांनी दिसायचं, म्हणून पैशावरून वाद होत नसे.

1 जानेवारी 2023 पासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे ट्रेम-4 नियम लागले आणि त्यांत जास्त दाबाने डिझेल फवारणारी कॉमन रेल आली. जुना नोझल साधारण दोनशे बारला उघडायचा. इथे दाब हजार बारच्या वर. इतक्या बारीक कामाला डिझेल निर्मळ लागतं, आणि आमचं डिझेल शेतातल्या आखाड्यावर ड्रममध्ये पडून असतं. त्यात पाणी उतरतं, धूळ पडते. जुना पंप ते पचवायचा. नवा इंजेक्टर पचवत नाही. त्यातून उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर विचारूच नका.

गेल्या हंगामात एकाचा असा ट्रॅक्टर ऐन पॉलिशच्या वेळी थांबला. ‘मिस्त्री, एवढं बघा ना हो,’ म्हणून तो माझ्याकडे आला. मी कान लावला, पण बंद इंजिन काय बोलणार? कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन तिसऱ्या दिवशी आला. डिझेलमध्ये पाणी, इंजेक्टर खराब. बिलात काय लिहिलंय, ते त्या शेतकऱ्याला समजलं नाही आणि मला समजावता आलं नाही. चाळीस वर्षांत त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

हा प्रश्न एकट्या वसमतचा नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. 24 डिसेंबर 2022 ला केंद्राने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारी आहेत आणि शेतीची अवजारंही.

माझं मागणं एवढंच आहे. ट्रॅक्टरचा संगणक बिघाडासाठी जो फॉल्ट कोड दाखवतो, त्या प्रत्येकाचा अर्थ कंपनीने मराठीत छापून पुस्तिकेत द्यावा, आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये हे कोड वाचणारा स्कॅनर ठेवून तो आमच्या पोरांना शिकवावा. पुढची हळद निघायच्या आधी हे व्हावं.