सोलापूरचे दलित विद्यार्थी वसतिगृह (१९२५) : एक टिपण

महाराष्ट्रातील वसतिगृह चळवळीचा अभ्यास बहुधा देणग्या, इमारती आणि विद्यार्थिसंख्या यांच्या अंगाने होतो. तेथे राहून विद्यार्थी घडत कसा होता, हा प्रश्न मागे पडतो. या दृष्टीने सोलापूरचे उदाहरण लक्षणीय आहे.

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभेच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते. वसतिगृहाची प्रत्यक्ष जबाबदारी जिवाप्पा ऐदाळे यांनी सांभाळली. भोजन, कपडे व लेखनसाहित्याचा भार सभा उचलीत असे. सोलापूर नगरपालिकेचे ४० रुपयांचे अनुदानही मिळाले. ही मुले माध्यमिक शाळेतील होती. महाविद्यालय फार पुढचे. खेड्यातील अस्पृश्य मुलाला शहरात आधी डोक्यावर छप्पर हवे होते, आणि ते देण्यास सहसा कोणी धजत नसे.

परंतु निवारा हे या कार्याचे अर्धेच अंग होय. सभेच्या प्रेरणेने विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ हे मासिक सुरू केले. प्रस्तुत लेखकाच्या मते अनुदानाच्या आकड्यापेक्षा ही नोंद मोलाची आहे. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते, ती मुले येथे लिहिती होऊ लागली.

१९०६ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ हे बंधुमंडळ स्थापिले, तेही एकाकीपणातूनच. तेथे पुढाकार विद्यार्थ्यांचा होता. सोलापुरात तो समाजातील वडीलधाऱ्यांनी घेतला. त्यांपैकी ऐदाळे १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले.