सोनपाखराचा न विटणारा रंग

पाऊस सुरू झाला, की कोल्हापूरच्या आसपास बाभळीच्या फांद्यांवर हिरवेगार चकाकणारे सोनपाखरू दिसू लागते. काडेपेटीत पाला घालून ते पाळण्याचा उद्योग आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केला असेल. ब्युप्रेस्टिडी कुळातला हा भुंगेरा. या कुळाच्या जगभर सुमारे १५,००० जाती आहेत. आपले सोनपाखरू त्यांतल्या स्टर्नोसेरा प्रजातीचे.

सोनपाखरू मेले तरी त्याचे कठीण पुढचे पंख चमकतच राहतात. म्हणून आपल्याकडचे कारागीर ते टिकल्यांसारखे कापडावर शिवत. १८८८ साली लंडनच्या रंगमंचावर एलन टेरी या अभिनेत्रीने लेडी मॅक्बेथच्या भूमिकेत असे सुमारे हजार पंख लावलेला झगा घातला. १९०३ च्या दिल्ली दरबारातील लेडी कर्झनच्या पोशाखावरही असे पंख होते. दोन्ही पोशाख इंग्लंडमध्ये जपलेले आहेत आणि पंख अजून हिरवे आहेत. रंगवलेले कापड तर उन्हात विटते. मग हा रंग कसला?

मोरपिसाचे रंग पातळ पापुद्र्यांमुळे दिसतात, असे न्यूटनने १७०४ मध्येच सुचवले होते. परंतु १९११ मध्ये मायकेलसन यांनी वेगळे मत मांडले. कीटकांची ही चमक बहुतांशी धातूसारख्या पृष्ठभागाची आहे, असे ते म्हणाले. मायकेलसन म्हणजे प्रकाशाचा वेग मोजणारे, १९०७ चे नोबेल मानकरी! तरीही १९२० च्या दशकात मेसन यांनी कीटकांचे रंग नव्याने तपासले आणि पापुद्र्यांची बाजू उचलून धरली. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने थरच दाखवले. पंखाच्या पृष्ठभागात अतिशय पातळ थर एकावर एक असतात. त्यांवरून परावर्तित होणाऱ्या हिरव्या प्रकाशाच्या लहरी एकमेकींना बळ देतात. थर शाबूत, तोवर रंग शाबूत.

हे वर्गातही पडताळता येईल. झाडाखाली पडलेला पंख घ्यावा. त्यासाठी जिवंत सोनपाखरू पकडू नये. पंख तिरका करत गेल्यास हिरवा रंग निळ्याकडे झुकतो. हळद कुटली तरी पिवळीच राहते. पंख अगदी बारीक कुटला, की थर मोडतात आणि उरते ती काळपट भुकटी.

मोठ्या शास्त्रज्ञाचे मतही पुन्हा तपासायचे असते, हे मुलांना सांगण्यापेक्षा हा पंख त्यांच्या हाती द्यावा.